शिवेवरचं डुक्कर

जंगलातल्या रस्त्यावर नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, चाकाला चिखल लागावा तसे आपोआप लागतात! सत्तरनंतरच्या त्या वर्षांत मी भिवंडी-वाडा गाडीवर कंडक्टर होतो, ड्रायव्हर दामूअण्णा. एका बाजूला सागाचं रान, दुसरीकडं भाताची खाचरं नि ओहोळ. जनावर पाण्याला निघालं की आमच्या समोरच! त्यात शिकारबंदीचा नवा कायदा आलेला. अण्णा कायम धास्तावलेले. "चाकाखाली काय आलं तर केस होईल, लांब कुठंतरी बदली होईल. घरी म्हातारी आई एकटी हाय रं!"

पॅसेंजरांचं मात्र उलटं. अण्णांनी ब्रेक मारून ससा सोडला की मागनं ओरडा, "अण्णा, सोडला कशाला? आज घरी पावणं हायत!"

एकदा घोरपड रस्ता ओलांडेपर्यंत अण्णांनी गाडी उभी केली. भिवंडीच्या कामतघरात यंत्रमागावर काम करणाऱ्या एका लूमवाल्याची शिफ्ट चुकत होती. तो वैतागला, "ड्रायवरसाब, इसका भी टिकट फाडो, अंदर बिठा लो!"

मी विचारलं, "हाफ की फुल?"

मग सरकारी बोर्ड आला, 'जनावरांना जपा, गाडी हळू चालवा.' जंगलात खड्डा खणताना खडक लागला, म्हणून तो लावला गावातल्या नाक्यावर! दुसऱ्या दिवशी त्या खांबाला कुणीतरी बकरी बांधली होती. तेवढंच एक जनावर वाचलं!

आणि एका दुपारी रानडुक्कर आलंच. दाणकन आवाज, डुक्कर जागीच गार! अण्णांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं, "मेलो रं!" मला त्या मुक्या जिवाचं वाईट वाटलं, अण्णांचं त्याहून जास्त.

पॅसेंजर धडाधड उतरले. डुक्कर पडलेलं दोन गावांच्या शिवेवर, हद्दीच्या दगडापाशी. ज्या शिवेत जनावर पडेल त्या गावाचं, ही जुनी रीत.

"आमचं हाय!"

"मुंडकं आमच्यात हाय, तुमचं कसं?"

दोन्हीकडनं ओढाओढ सुरू. तेवढ्यात सायकलवरून फॉरेस्टचे गार्ड आले. "कुणाचं रे डुक्कर?"

"त्यांचं!" दोन्ही गावं एका सुरात!

अण्णा गाडीतनं उतरून पुढं झाले. "साहेब, माझ्याच गाडीखाली आलं."

गार्डनं डुकराकडं पाहिलं, उन्हाकडं पाहिलं. पंचनामा केला तर ते धूड रेंज ऑफिसापर्यंत त्यांनाच न्यावं लागणार. मग त्यांनी दगडाकडं पाहिलं, सायकल स्टँडला लावली, बाह्या सरसावल्या नि डुकराचे मागचे पाय धरले.

"अण्णा, बघता काय? पुढनं धरा! माझ्या बीटची हद्द या दगडाशी संपते!"