हेमा आणि मेंदूवरचे पडदे

हेमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरला शेअर रिक्षाच्या रांगेत उभी होते. तिच्या मामांनी एकच वाक्य सांगितलं. मागचा माणूस हिंदीत पुढे सरकायला सांगत होता. मी सरकले, रिक्षात बसले, घरी येऊन कोथिंबीर निवडायला घेतली. रडू नंतर आलं, आणि आलं तेही हलकं करणारं नव्हतं. काही आठवडे उलटलेत. लोक म्हणतात, लिहिलंस की बरं वाटेल. मला तसं वाटत नाही, तरी लिहिते आहे.

आम्ही दोघी मैत्रिणी बोईसरजवळच्या, किनाऱ्यावरच्या नवापूरच्या. तिच्या घरची होडी, माझे वडील शाळेत शिक्षक. पुढे मी बोईसरला शिकवायला लागले आणि हेमा यंत्र अभियांत्रिकी शिकून इथल्याच एका कारखान्यात पिशव्यांसाठीचा प्लास्टिकचा कागद तपासण्याच्या कामावर लागली. पट्टी कापायची, यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि फाटेपर्यंत ओढायची. ती हसून म्हणायची, मला फाडायचा पगार मिळतो.

त्याच सुमारास तिचे वडील बंदरावर शेवाळावरून घसरले. डोकं दगडावर आपटलं, पण रक्त आलं नाही, साधी खोकही पडली नाही. उठून घरी आले, जेवले, दुसऱ्या दिवशी जाळी सांधायला बसले. काही आठवड्यांनी एक पाय ओढत चालायला लागले. सगळ्यांना वाटलं, वय झालं. मग बोलणं अडखळलं आणि एका सकाळी ते उठलेच नाहीत. मुंबईला नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, मेंदूवरच्या पडद्याखाली रक्त साठत गेलं. वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या आणि पडद्याच्या मधल्या बारीक शिरा ताणल्या जातात, आणि एका हिसक्याला तुटतात. बाकीचे सगळे रडत असताना हेमा त्यांना विचारत होती, किती हिसक्याला? डॉक्टरांना सांगता आलं नाही.

त्या प्रश्नापायी तिने नोकरी सोडली आणि पुण्याला संशोधनाला गेली. यंत्र तेच, जबड्यात पट्टी मात्र माणसाच्या मेंदूवरच्या पडद्याची. असे तीन पडदे असतात हे मला तिच्याकडून कळलं. बाहेरचा, कवटीला लागून असलेला, चामड्यासारखा चिवट. मधला कोळ्याच्या जाळ्यासारखा. आणि मेंदूला चिकटलेला सगळ्यांत आतला इतका नाजूक की चिमट्यात धरतानाच जातो. बाहेरचा पडदासुद्धा सगळीकडून सारखा नसतो. एका दिशेने ओढला तर तग धरतो, दुसऱ्या दिशेने लवकर सुटतो. हवेवर वाळला तर किती ताणाला फाटतो ते आकडेच बदलतात, म्हणून खारट पाण्यात ठेवायचा. हे आकडे नीट मिळाले तर डोक्याला मार बसल्यावर आत काय होतं ते आधी ओळखता येईल, चांगली हेल्मेटं बनतील, शस्त्रक्रियेत लावायची ठिगळं बनतील... ती बोलत राहायची आणि मी तिच्या वडिलांच्या त्या ओढत्या पायाचा विचार करायचे.

तिच्या आईला, मी त्यांना मावशी म्हणते, हे काम अजिबात आवडत नव्हतं. एकदा सुकत घातलेले बोंबील उलटता उलटता मावशींनी विचारलं, "कोनाचा असतो गं तो पडदा?"

"ज्यांनी मेल्यावर देह दिला, त्यांचा."

मावशींनी हातातला बोंबील खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मंग हात जोडून घेत जा, बाय."

हेमा खरंच तसं करायची. प्रयोगशाळेतली मुलं आधी हसायची. नंतर तीही हात जोडायला लागली.

दिवाळीला ती घरी आली ती डोकेदुखी घेऊनच. प्रवासाचा शीण, जागरणं, चष्म्याचा नंबर, सगळी कारणं काढून झाली. गोळ्या झाल्या. मग रोज संध्याकाळी ताप यायला लागला. त्या तापातही ती म्हणायची, जरा उतरू दे, लगेच पुण्याला जाते. एका दुपारी तिला माझं नाव आठवेना. पालघरला नेलं, तिथून मुंबईला. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं आणि क्षय निघाला... फुप्फुसांचा नव्हे, मेंदूवरच्या पडद्यांचा.

भेटायला येणारा प्रत्येक जण बाहेर येऊन तेच बोलायचा, ज्याचा अभ्यास केला तेच व्हावं, काय हा योगायोग. या बोलण्याची मला अजून चीड येते. त्यात काही संकेत नाही की अर्थ नाही. क्षय कुणालाही होतो. आणि तिच्या शिक्षणाचा तिला एवढाच उपयोग झाला, की आपल्याला काय होतंय ते तिला नेमकं कळत होतं.

औषधं चालू झाल्यावर एक दिवस ती पूर्ण शुद्धीत होती. मी शेजारी बसले होते. तिने माझा हात हातात घेतला आणि हळू, शब्द शोधत बोलली.

"पडदे जाड होतात गं, मग मेंदूतलं पाणी अडतं. मी इतकी वर्षं मेलेल्यांचेच पडदे ओढले. जिवंत माणसात ते कसे वागतात, मला काही माहीत नाही."

मी म्हणाले, बरी झालीस की शोध. तिने मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. नंतर ती कुणाशीच नीट बोलली नाही. साठलेल्या पाण्यासाठी शस्त्रक्रिया केली, पण हेमा शुद्धीवर आली नाही. तिचं काम अर्धवट राहिलं. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, कुणीतरी पुढे नेईल. कोण, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

परवा नवापूरला गेले. मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मी हेमाच्या खोलीत शिरले तर आत भर दुपारी अंधार. आजारात तिला उजेड सोसत नव्हता, म्हणून खिडकीवर दुहेरी गोधडी खिळ्यांनी ठोकली होती. ती तशीच होती. खोलीत कोंदट वास भरला होता. वारा यावा म्हणून मी एका कोपऱ्याचा खिळा उपसला, तशी उन्हाची तिरीप थेट तिच्या रिकाम्या खाटेवर पडली.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"राव दे," त्या म्हणाल्या. "तिच्या डोल्यांना तरास होतो."

मी खिळा परत होता तिथे दाबून बसवला.