राबाचा धूर

वेल्ह्यातल्या विंझरच्या रस्त्याला राब भाजल्याचा धूर नाकात गेला, की मी गाडीची काच वर करतो. भाताच्या रोपांसाठी शेण-पाला पसरून जमीन भाजतात, त्याचा हा वास. याच वासात मला चुलतीने वाढवलं. एका वर्षी विद्यापीठात समाजभाषाविज्ञानाच्या प्राध्यापकपदासाठी मुलाखती होत्या आणि निवड समितीत मी होतो. एका उमेदवार मुलीने वेल्ह्याच्या खेड्यांत फिरून तिथली बोली गोळा केली होती. तिने मोबाईलवर एक आवाज ऐकवला. "आदी शेन, मग पाला, वरनं माती, आन् वारं बगून पेटवायचं. आमचा पोरगा लई शिकला, पर त्याला आता आमचं बोलनं न्हाई आवडत." तो माझ्या चुलतीचा आवाज होता. मुलीला ते ठाऊक नव्हतं. "अहो बाई, ही शेतीची माहिती झाली, यात शास्त्र कुठंय?" असं म्हणून अध्यक्ष हसले आणि माझ्याकडे वळले, "सर, तुम्ही तिकडचेच ना? सांगा बरं, आहे का यात काही?" यात किती होतं ते त्या खोलीत फक्त मलाच कळलं होतं. "नाही हो, मी पुण्याचा," मी म्हणालो. दुसऱ्या उमेदवाराच्या नावाखाली सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. पुढे चुलती गेली. घरात तिचे फोटो पुष्कळ आहेत, आवाज मात्र कुठेच नाही. तो त्या मुलीकडे आहे. तिचा नंबर मी शोधून ठेवलाय. पण फोन लागलाच, तर आधी मी कुठला ते सांगावं लागेल.