काकूंची फाईल

हे मी कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. सांगताना काहीतरी वाटेल असं वाटलं होतं. तेही वाटत नाहीये.

दिल्लीत, मयूर विहारला, आमच्या खालच्या मजल्यावर मेश्रामकाका राहतात. मूळचे नागपूरचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. काकू आजारी पडल्या तेव्हा रोज दुपारी त्या आपलं आयुष्य सांगायच्या आणि काका लॅपटॉपवर टाइप करायचे. मग काकू गेल्या. वर्ष झाल्यावरच्या स्मृतिदिनी, पहिल्या पुण्यानुमोदनाला, त्याचं पुस्तक काढायचं ठरलं.

मध्येच काकांनी अपडेटचं बटण दाबलं. नव्या सिस्टिमवर त्यांचा जुना मराठी फॉन्ट चालेना, अक्षरांच्या जागी चौकोन दिसायला लागले. मी नोएडात आयटीत — असली कामं माझ्याकडेच येतात. जुनी सिस्टिम परत टाकू, म्हटलं. काकांनी टेबलावर पेन ड्राइव्ह ठेवला आणि म्हणाले, "हिचं सगळं यात घेतलंय." मी ऑफिसच्या कॉलवर होते. मान हलवली. कॉपी घेतलीय, एवढंच डोक्यात शिरलं; कशात, ते नाही.

जुनी सिस्टिम टाकायची तर आधी पेन ड्राइव्हवर तिचा इन्स्टॉलर बनवावा लागतो, आणि त्यात तो पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. माझा ऑफिसात राहिला होता. टेबलावरचा घेतला. सगळा डेटा जाईल, अशी सूचना आली — असल्या सूचना मी कधी वाचते? ओके केलं. मग लॅपटॉपही पुसला. कॉपी होती ना!

फॉन्ट चालला. काका खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "अच्छा, आता हिचं उघड." तेव्हा मला कळलं.

खरं बोलायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, "काका, फाईल अपडेटमध्येच खराब झाली होती. तुम्ही तीच कॉपी केलीत." कुणी परत काढून देईल का, त्यांनी विचारलं. देणारे मला माहीत होते. पण फाईल कधी पुसली, हेही त्या लोकांना दिसलं असतं. मी नाही म्हणाले. पेन ड्राइव्ह घरी आणला आणि त्यावर ऑफिसच्या फाईली भरल्या, म्हणजे जुनं काही परत निघायला नको. पहिली चूक होती. हे मात्र मी समजून केलं.

पुण्यानुमोदनाला नागपूरची माणसं आली होती. बुद्धवंदना झाली, काका उभे राहिले. "पुस्तक झालं नाही. माझ्याच हातून गेलं, मी बटण दाबलं." मग काकूंच्या फोटोपुढे हात जोडून त्यांनी माफी मागितली. मी दुसऱ्या रांगेत होते.

नंतर जेवणं झाली. काका स्वतः खीर वाढत होते. माझ्यापाशी थांबून पाहुण्यांना म्हणाले, "हिनं फार खटपट केली बिचारीनं." मी वाटी पुढे केली.