टेप लावून उघडलेला मोबाइल

मोजता येत नाही अशी एकही गोष्ट जगात नाही, असं मानणारा माणूस आमच्या मूल नावाच्या गावात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानाला लागून बसतो. हे आमचे टेलर चाचा. गळ्यातला टेप सासरच्या लग्नातही काढत नाहीत. माझं नवं टेबल आलं तेव्हा कौतुक राहिलं बाजूला, "एका अंगानं पाव इंच उतरलं तुह्यावालं टेबल," एवढं सांगून गेले. उतरलेलं होतंच मेलं.

लिहिण्याचा मात्र त्यांना भारी कंटाळा. दुकानातले त्यांचे जोडीदार, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते गिऱ्हाइकाचं माप घेत, मोठ्यानं सांगत, आणि चाचा ते मोबाइलवर रेकॉर्ड करत. तीस वर्षं दोघांनी एकाच टेबलावर कापड कापलं. गेल्या पोळ्यानंतर भाऊ वारले. त्यांचा आवाज तेवढा मोबाइलमध्ये राहिला, आणि परवा धानोऱ्याच्या बसमधून उतरताना तोच मोबाइल पडला. पडदा काळाठिक्कर.

"मले दुसरं काई नाई पाह्यजे," चाचा म्हणाले. "भाऊचा आवाज काढून दे."

वायर त्यांनी घरूनच आणली होती. मोबाइल चार्ज व्हायला लागला, पण कॉम्प्युटरला त्याचा पत्ताच नाही. अर्धा तास मी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या. मग कळलं, वायर नुसती चार्जिंगची, फाइली नेणारी नव्हेच. माझी वायर लावली, तर आता मोबाइलवर 'फाइल ट्रान्सफर' दाबायला हवं. बोट लावलेलं त्याला कळत होतं, पण आम्हाला दिसत काहीच नव्हतं. मी हात टेकले.

"तुह्यावाला फोन असाच हाय ना? आन इकडं." आम्ही दोघांनी ते एकाच दिवशी घेतले होते. माझा फोन वायरला लावून कुठं कुठं दाबायचं ते मी दाखवलं, आणि चाचांनी त्यावर टेप लावला. "वरून सव्वादोन, डाव्या अंगानं एक." तेच माप आपल्या काळ्या काचेवर घेऊन साबणाच्या चिपेनं खुणा केल्या, कापडावर करतात तशा. बोट वरून खाली ओढलं, एकेक खूण दाबली. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटरवर फोल्डर उघडलं. मला हे जन्मात सुचलं नसतं, खरं सांगतो.

सगळ्या फाइली उतरवून शेवटची लावली. "छाती छत्तीस. बाही साडेतेवीस," भाऊ सांगत होते.

"कोणाचं माप हे?" मी विचारलं.

"माह्यं. ईदच्या कुर्त्याचं."

तेवढ्यात भाऊ खेकसले, "अबे, सीधा उभा राय ना. काऊन वाकून राह्यला?"

स्टुलावर बसलेले चाचा उठले आणि ताठ उभे राहिले. फाइल संपली, तरी बसले नाहीत.