गाऱ्हाण्याला श्वास पुरेना

घाटकोपरला आमच्या बिल्डिंगच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान माझा. मी "बा देवा म्हाराजा" अशी आरोळी ठोकली की मानखुर्दला पाळण्यातली पोरं उठून बसायची. जुहूची भरतीसुद्धा माझ्याच आवाजाने येते, असं मी छातीठोकपणे सांगायचो.

मग तो ताप आला. आठवड्यात गेलाही. रिपोर्ट झकास. फक्त जाताना माझा श्वास सोबत घेऊन गेला. पहिल्या मजल्यावरच हिमालय लागायला लागला. महिने उलटले, फरक शून्य.

"काहींचं रेंगाळतं," डॉक्टर म्हणाले.

"कधीपर्यंत?"

"ते सांगता येत नाही."

त्यांनी तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं. नळीतून श्वास ओढून गोळे वर उचलायचे. पहिला उठतो, दुसरा थरथरतो, तिसऱ्याने माझ्याशी संबंधच तोडलेत.

"यंदा दुसऱ्या कुणाला घालू द्या ना गाऱ्हाणं," बायको म्हणाली.

"अगं, मी अर्ध्या फुप्फुसावर..." माझं वाक्य पुरं होईपर्यंत ती कपडे वाळत घालून परत आली होती.

आमच्या गाऱ्हाण्याची रीत अशी, की सांगणारा थांबला की सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून गर्जायचं. अर्थबिर्थ कोण ऐकतो? कान फक्त थांबण्याकडे. म्हणून मागणं एका दमात पुरं करायचं.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या घरात ताप, खोकलो, दुखणा येवक..."

इथे श्वास संपला.

"व्हय म्हाराजा!" अख्खी बिल्डिंग गर्जली.

"...नको," मी म्हणालो. ते फक्त गणपतीने ऐकलं असेल.

"वाट लावलीस रे!" शेजारी खिदळला. "घराघरात ताप मागून घेतलास की!"

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्या हसण्याचा खोकला झाला तो आरती संपली तरी थांबेना.

पुढच्या वर्षी कुणी मला काही बोललं नाही. शेजारी पुढे झाला, मला मात्र पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. गाऱ्हाणं बरं घातलं त्याने, एका दमात. शेवटी सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळे झाले, प्रसादाकडे वळलेसुद्धा.

माझं "व्हय" त्यानंतर आलं. "म्हाराजा" आलंच नाही.