आईला न सांगितलेल्या कांजण्या

त्या उन्हाळ्यात माझी बायको सहा आठवडे घरी नव्हती. ती अंबाजोगाईला बालवाडी शिक्षिकेच्या प्रशिक्षणाला गेली होती आणि मी आमच्या गावी, कड्यात, दोन लेकरांजवळ होतो. मुलगी सात वर्षांची, मुलाला चार पूर्ण व्हायची होती.

आमचं कापडाचं दुकान. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत घर. गावाला तेव्हा नवं वारं लागलं होतं. समोरच एसटीडीचा बूथ निघाला होता. लग्नाच्या बस्त्याला आलेली मंडळी चहा नको म्हणायची, थंडा मागवा म्हणायची. तरणी पोरं शर्टाचं कापड फाडून घ्यायच्या ऐवजी पाकिटातला तयार शर्ट विचारायची. पण बाईमाणसानं लेकरं सोडून दीड महिना परगावी राहायचं, एवढं नवं वारं आमच्या भावकीला झेपण्यासारखं नव्हतं. माझ्या चुलत्यांनी तर सरळ विचारलं होतं, तुझ्या दुकानात काही कमी पडलं का म्हणून.

कमी काही पडलं नव्हतं. तिला शिकवायचं होतं, एवढंच. लग्नाआधी तिची दहावी झाली होती. पहिला नंबर कधी चुकला नाही, असं तिचे वडील सांगायचे. आदल्या वर्षीही तिची निवड झाली होती. पत्र आलं, पिशवी भरली, आणि निघायच्या आदल्या दिवशी मुलाला जुलाब लागले. ती गेली नाही. पोरगं तीन दिवसांत बरं झालं, पण तिची जागा गेली. ते पत्र तिनं धान्याच्या डब्याखाली घालून ठेवलं आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही. त्यानंतर वर्षभर ती डबा उचलून पुसायची आणि पत्र तसंच खाली सरकवायची, ते मी बघत होतो. म्हणून या वेळी पत्र आल्यावर मीच म्हणालो, तू जा. लेकरं मी बघतो.

बघतो म्हणणं सोपं होतं. पहिल्याच सकाळी मुलगी कंगवा आणि दोन लाल रिबिनी घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. मला वेणी कुठली येती. मला येत होते गठ्ठे बांधायला. मी तिच्या केसांचे तीन पेड केले आणि सुतळी वळावी तसे आवळून वळले. तिनं कपाळाला हात लावून बघितलं. मग म्हणाली, "अप्पा, माझे डोळे मिटना गेलेत." मी सोडून पुन्हा घातली. चार दिवसांनी मला बऱ्यापैकी वेणी जमायला लागली. मग मुलगा म्हणाला, मलाही घाला. त्याच्या बोटभर केसांना मी रिबीन बांधली, आणि तो तसाच दिवसभर दुकानात बसला. बस्त्याला आलेल्या बायका हसायच्या, त्याचं त्याला काही नव्हतं.

लगीनसराईचे दिवस होते. सकाळी पूजा आटोपून मी कपाळाला विभूती लावायचो, ती मुलालाही लागायची. मग तिघंही पुढं दुकानात. मुलगी ब्लाउजपीसच्या घड्या रंगावारी लावायची. मुलगा थंड्याच्या बाटल्यांची बुचं गोळा करून त्यांची रांग करायचा. एक ते चार दुकान बंद. खिडकीला गोणपाट ओलं करून टांगायचं आणि तिघांनी फरशीवर आडवं व्हायचं. स्वैपाक म्हणजे खिचडी, नाहीतर भाकरी आणि आमरस. भाकरी आम्हाला शेजारच्या मावशी करून द्यायच्या. या मावशी मेंढरं-शेळ्या राखणाऱ्या घरातल्या. रोज सकाळी तांब्याभर शेळीचं दूध घेऊन यायच्या आणि दोन्ही लेकरांच्या गालावरून हात फिरवल्याशिवाय जायच्या नाहीत.

दर रविवारी संध्याकाळी पाचला बायकोचा फोन यायचा, समोरच्या बूथवर. बूथवाला हाक मारायचा आणि आम्ही तिघं धावत जायचो. मुलगी सगळं सांगायची, काय जेवलो, कोणती साडी विकली. मुलाच्या कानाला रिसीव्हर लावला की तो नुसता ऐकायचा, मान हलवायचा. मी म्हणायचो, अरे बोल, तिला मान दिसत नाही. तो पुन्हा मान हलवायचा.

तिसऱ्या आठवड्यात एका शुक्रवारी मुलगा सकाळी उठलाच नाही. अंग तापलं होतं. मावशींनी दूध ठेवलं, त्याचा सदरा वर केला, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "शेट, देवी आल्यात लेकराला." पोटावर तीन-चार पाण्यानं भरलेले फोड होते. मी त्याला डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, कांजण्या आहेत, घाबरू नका, आठ-दहा दिवस जातील, फक्त खाजवू देऊ नका. मुलीला तान्ही असताना येऊन गेल्या होत्या, त्यामुळं तिची काळजी नव्हती.

मावशींनी मला सगळं समजावून दिलं. घरात फोडणी टाकायची नाही, रागावून बोलायचं नाही, कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवायचं. जाता जाता त्यांनी विचारलं, मायला कळवलं का. मी नाही म्हणालो.

"कावून?"

मी त्यांना सांगितलं, की वर्गाला तीन दिवसांच्या वर गैरहजर राहिलं तर नाव कमी होतं. तिला कळलं तर ती पहिल्या गाडीनं येईल, आणि लेकरू अंगभर फोडांचं दिसल्यावर तीन दिवसांत परत जाईल का? मागच्या वर्षीसारखंच होईल. मावशी पदर खोचून पाला तोडायला गेल्या.

मी दुकान बंद ठेवलं. ऐन सराईत फळ्या लागलेल्या बघून लोक मागच्या दाराशी यायचे आणि दाराला खोचलेला लिंबाचा पाला बघून, घरात देवी आल्यात हे समजून, आल्या पावली परत जायचे. पोराचं सगळं अंग दोन दिवसांत फुलून आलं. डोक्यात, कानामागं, तळव्यांवरसुद्धा. त्याला कुठलाच कपडा सहन होईना. मी पुढं दुकानात गेलो, सगळ्यात मऊ मलमलीचा ताका काढला, आणि त्यातून शिवणीविना एक पांघरूण फाडून घेतलं. त्याच कापडाच्या दोन पिशव्या करून त्याच्या मुठींना बांधल्या, नखं लागू नयेत म्हणून. कापडाच्या धंद्यात माझा जन्म गेला होता, पण कापड हातात घेऊन हे अंगाला कसं लागेल याचा इतका विचार मी तोवर केला नव्हता.

दुपारी ताप चढायचा. खाज सुटली की मी लिंबाची कोवळी डहाळी त्याच्या अंगावरून हळूहळू फिरवायचो. माझा हात दुखला की मुलगी घ्यायची. ती त्याला एक गोष्ट सांगायची. त्या गोष्टीत एक शेळी होती आणि ती रोज वेगळ्या गावाला जायची, आष्टीला, बीडला, धर्मापुरीला. धर्मापुरी मुलीच्या मामाचं गाव. तिथल्या जुन्या देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या दगडी बाया तिला माहीत होत्या. तिची शेळी त्या बायांशी बोलायची.

एका दुपारी मुलगी झोपली होती आणि मी एकटाच त्याच्याजवळ होतो. तापात, डोळे मिटलेले असताना, तो म्हणाला, "आई." मला काय करावं कळेना. तो पुन्हा म्हणाला. मग मी म्हणालो, "हं." तेवढ्यानं त्याच्या कपाळावरची आठी गेली. थोड्या वेळानं पुन्हा आई, आणि पुन्हा माझं हं. त्या दुपारी असं किती वेळा झालं मला आठवत नाही. माझा आवाज जाडाभरडा, त्यानं तो ओळखला नसेल असं होणार नाही. पण त्याला चाललं.

रविवार आला. पाचला फोन येणार होता. मी मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं, आईला कांजण्यांचं बोलायचं नाही. विचारलं तर म्हणायचं, तो झोपलाय. तिनं विचारलं, झोपला नसला तर? मी म्हणालो, तरी म्हणायचं. आईचं शिकणं मोडेल.

मावशींना मुलाजवळ बसवून आम्ही दोघं बूथवर गेलो. आधी मी बोललो. सगळं ठीक आहे, ऊन लई आहे, असं काहीतरी. मग मुलीनं रिसीव्हर घेतला. पलीकडं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. ही म्हणाली, "आई, तो झोपलाय." मग नुसतं हं, हं करत राहिली. एरवी तिच्या हातातून रिसीव्हर काढून घ्यावा लागायचा. त्या दिवशी तिनं आपणहून माझ्याकडं दिला.

रस्ता ओलांडून ती माझ्यापुढं पळतच घरात गेली. मी पोचलो तेव्हा ती भावाच्या शेजारी लिंबाच्या पाल्यावर आडवी झाली होती. तो टक्क जागा होता. ती त्याला थोपटत होती आणि पुटपुटत होती, झोप, झोप ना रे. मावशींनी खुणेनं मला गप्प राहायला सांगितलं. बऱ्याच वेळानं त्याचे डोळे मिटले. तिनं त्याच्या नाकापुढं बोट धरून बघितलं, उठून बसली आणि मला म्हणाली, "झोपला. आता खोटं न्हाई ना, अप्पा?"

मी न्हाई म्हणालो. आणि बाहेर जाऊन रांजणातल्या पाण्यानं तोंड धुतलं. मी आजवर गिऱ्हाइकांशी कमी खोटं बोललो नव्हतो, रंग जाणार नाही म्हणून. पण त्याचा भार दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर दिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात वावटळीनं टेलिफोनचे खांब पडले आणि बूथ बंद झाला, तो बायको परत येईपर्यंत बंदच राहिला. मला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. चार ओळींचं पत्र टाकता आलं असतं. दोनदा कागद घेऊन बसलो, तारीख घातली, आणि उठलो. तोवर मुलाच्या फोडांवर खपल्या धरल्या होत्या. मावशींनी लिंबाच्या पाण्यानं त्याला पहिली आंघोळ घातली, मी दुकान उघडलं, आणि तो पुन्हा बुचं मांडून बसला. आता सगळं निभावलं, असं मी धरून चाललो.

ती आली त्या दिवशी आम्ही तिघं स्टँडवर गेलो. मुलाला मी लांब बाह्यांचा सदरा घातला होता, भर उन्हात. ती गाडीतून उतरली, वाळलेली होती, खांद्यावर पिशवी होती. मुलगा तिच्याकडं धावला आणि फोनवर नुसती मान हलवणारा तो आपणहून बोलला.

"आई, मला देवी आल्या होत्या. मी पाल्यावर झोपलो."

मुलीनं माझ्याकडं बघितलं. बायकोनं पिशवी खाली ठेवली, तिथंच स्टँडवर गुडघ्यावर बसली आणि त्याचा सदरा वर केला. पाठीवर ठिपकेच ठिपके होते, गुलाबी, नवी कातडी आलेले. ती एकेका ठिपक्यावरून बोट फिरवत राहिली. त्याला कडेवर घेतलं आणि चालायला लागली.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी दुपारी लेकरं झोपल्यावर माझ्यासमोर येऊन बसली. मी म्हणालो, तुझं मागच्या वर्षीसारखं होऊ नये म्हणून केलं. ती म्हणाली, ते कळलं मला.

"कदाचित मी आलेच नसते," ती म्हणाली. "मावशी होत्या, तुमी होतात. मी तिथंच राहिले असते, रोज रडले असते, पण राहिले असते. ते तुमी मला ठरवू दिलं न्हाई. त्या रविवारी मी फोन ठेवून मैत्रिणींसोबत गावात हिंडायला गेले. माझं लेकरू तापात, आणि मी हसत होते. ते आता मला विसरता येत न्हाई."

मला वाटत होतं, मी तिला काहीतरी दिलं. मी तिच्याकडून काय काढून घेतलं ते तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चुकलं माझं, असं मी म्हणालो. असं म्हणायची आमच्या घरात पुरुषांना सवय नव्हती, त्यामुळं ते नीट म्हणताही आलं नाही. आमच्या बोलण्यानं मुलगी जागी झाली होती. ती उठून आईच्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, मी त्याला खरंच झोपवलं होतं." आईनं तिला पोटाशी धरलं. ती पोर तेव्हा रडली. तीन आठवडे तिनं ते कुठं दाबून ठेवलं होतं कोण जाणे.

त्यानंतर आमच्यात एक ठरलं, बोलून नाही, आपोआप. चांगलं असो वाईट असो, पहिल्यांदा एकमेकांना सांगायचं. पुढं माझ्या छातीत दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरांच्या आधी तिला कळलं होतं.

जूनमध्ये गावातली बालवाडी सुरू झाली. एक खोली, दोन सतरंज्या, चौदा लेकरं, आणि त्यांच्यात आमचा मुलगा. पहिल्या दिवशी मी दुकान जरा उशिरा उघडलं आणि बाहेर उभा राहून बघितलं. ती हातवारे करून गाणं म्हणत होती आणि सगळी पोरं तिला बाई, बाई म्हणत होती. आमचाही म्हणत होता. संध्याकाळी घरी आल्यावरही तो तिला बाईच म्हणाला. बाई, मला दूध पाहिजे. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि हसली, स्टँडवर उतरल्यापासून मी बघितलेलं तिचं पहिलं मोकळं हसू. मग बाईंच्याच आवाजात त्याला म्हणाली, हात धुवून या आधी. तो पळत धुवायला गेला.