सुधारलेले डोळे

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून बाईंनी एकतीस वर्षं लोकांचे चेहरे सुधारले. आधी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने, मग कॉम्प्युटरवर. मुरुम घालवायचे, सुरकुत्या पुसायच्या, जड पापण्या उचलून डोळे जरा टपोरे करायचे. गिऱ्हाइकाने सांगायची वाट कोण बघतो? हाताला सवयच तशी. लोक फोटो बघून खूश व्हायचे आणि घरी जाऊन आरशाला नावं ठेवायचे.

पुढे हे सगळं मोबाइलच करायला लागला. मालकांनी बाईंना बोलावलं. "मागचं काम संपलं. काउंटरवर बसायचं तर बघा. पण तुम्ही कायम पेंगुळलेल्या दिसता हो. गिऱ्हाइकाला वाटतं, आपण यांची झोपमोड केली."

बाईंना ते झोंबलं. पंचावन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण उभं करणार? पापण्या तर खरंच डोळ्यांवर उतरल्या होत्या. ज्या थोरल्या बहिणीकडे त्या राहायच्या, ती म्हणाली, "नसतं खूळ डोक्यात घेऊ नकोस." पण बाई एकदा हट्टाला पेटल्या की संपलं. त्यांनी पापण्यांचं ऑपरेशन ठरवलं.

डॉक्टरांनी तरुणपणचा फोटो मागितला. पापण्या मुळात कशा होत्या त्यावरून किती कातडी काढायची ते ठरवतो, म्हणाले. बाईंनी भिंतीवरचा पंचविशीतला फोटो नेऊन दिला. तो त्यांनीच सुधारलेला होता, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. रोज बघून बघून तोच आपला चेहरा, अशी त्यांची खात्री झाली होती. डॉक्टरही शहाणे. समोरची जिवंत बाई सोडून कागदावर विसंबले.

टाके निघाले, सूज उतरली, पण पापण्या मिटेनात. झोपेतही पांढरी फट उघडीच. थेंब झाले, मलम झालं, पट्ट्या झाल्या. उजव्या डोळ्यात फूल पडून दिसेनासं झालं. काउंटरवर त्या जेमतेम दोन आठवडे टिकल्या. त्यांची ती नजर बघून लहान मुलं आईमागे लपायची. मालकांनी घरी बसायला सांगितलं, तेही दुसरीकडे बघत.

दुसऱ्या डॉक्टरांनी डोळे आणि तो पंचविशीतला फोटो, दोन्ही तपासून स्पष्ट सांगितलं, "डावा तरी वाचवायचा तर कानामागची कातडी पापणीला लावावी लागेल. तुमचा जुना फोटो आणा. पण काही न केलेला."

बाईंनी घरातले सगळे फोटो पलंगावर काढले. शाळेतला, बहिणीच्या लग्नातला, आईबरोबरचा. एकूण एक त्यांच्या हाताखालून गेलेला. आईलासुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. एका चांगल्या डोळ्याने त्या कितीतरी वेळ उलथापालथ करत राहिल्या.

शेवटी त्यांनी बहिणीला विचारलं, "ताई, खरं सांग. माझे डोळे कसे होते गं?"

"आईसारखे," बहीण म्हणाली. "जन्मापासून अर्धे मिटलेले. तू झोपलीस की जागी आहेस, ते मला वाकून बघावं लागायचं. फार आवडायचे मला ते."

बाईंना रडू फुटलं. डोळे मिटता येईनात, म्हणून बहिणीने ते आपल्या हातांनी झाकले.